अंगणातला तालुका

मोहबोडी तालुक्यात नाव व्हायचं तर दोनच वाटा आहेत. एक तर निवडणूक लढवायची, नाहीतर वाघाच्या तावडीतून सुटून यायचं. निवृत्त चित्रकला शिक्षक खुर्शीद सर यांच्याकडे पहिलीसाठी पैसा नव्हता आणि दुसरीसाठी हिंमत नव्हती. अख्खी नोकरी त्यांनी दुसऱ्यांची नावं रंगवण्यात काढली होती. शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची, गॅदरिंगच्या पडद्यावर पाहुण्यांची, बोअरवेलच्या कट्ट्यावर पुढाऱ्यांची आणि नाटकांच्या बोर्डांवर तर प्रयोगाला न उगवलेल्या नटांचीही. एवढं सगळं रंगवून झालं की तळाच्या कोपऱ्यात 'खुर्शीद' एवढं लिहायला जागा उरायची, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे नेमके तोच कोपरा बघून थुंकायचे.

सरांचं म्हणणं फार नव्हतं. मरायच्या आधी आपलं नाव एकदा दगडावर यावं. मेल्यावर ते येतंच, पण मग वाचायला आपण नसतो.

त्यांच्या घरात बोलणं हिंदीत चाले. टोमणा मारायचा असला की मात्र त्यांच्या बायकोला, जाहिदाबाईंना, मराठीच लागे. "दगडावर नाव पाहिजे तं पाटा-वरवंटा घ्या अन् त्याच्यावर लिहा," त्या म्हणत. "मी रोज वाचीन."

तर अशा या सरांना पंचायत समितीतून बोलावणं आलं. दिल्लीहून एक पथक येणार होतं. मागास तालुके किती मागास आहेत हे पाहायला असं पथक अधूनमधून येतं, जेवतं आणि जातं. पथकाला तालुक्याचा भूगोल, लोकसंख्या आणि अर्थव्यवस्था 'एका दृष्टिक्षेपात' पाहायची होती. गटविकास अधिकाऱ्यांच्या म्हणजे बीडीओ साहेबांच्या दालनात एक नकाशा होता खरा, पण तो इतका जुना होता की त्यात मोहबोडी तालुकाच नव्हता. साहेब पश्चिमेकडून बदली होऊन आलेले आणि परत बदली होण्याची वाट पाहणारे. तालुका नकाशात नाही हे त्यांना पथकाचं पत्र आल्यावर कळलं. तोवर त्यांचं काही अडलं नव्हतं.

"सर, अंगणात सिमेंटमध्ये तालुका उभा करायचा," साहेब म्हणाले. "डोंगर, नदी, जंगल, तलाव, गावं. मानधनाचं बघू पुढे."

मानधनाचं पुढे बघू याचा अर्थ सरांना नोकरीपासून माहीत होता. ते म्हणाले, "मानधन नको. दगडावर नाव पाहिजे. समोरच्या एसटी स्टँडवरून वाचता येईल असं."

फुकटात काम होतंय म्हटल्यावर साहेब इतके हळवे झाले की त्यांनी तिथल्या तिथे एक काळी कडप्पा फरशी मागवली. ती नकाशाच्या पुढ्यात, रस्त्याकडे तोंड करून उभी करायचं ठरलं. सरांनी त्याच दिवशी पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये मधोमध लिहून टाकलं : 'संकल्पना व निर्मिती : खुर्शीद शेख, कलाशिक्षक'. तालुका अजून व्हायचा होता, पण नाव झालं होतं.

भूगोलाला सुरुवात झाली आणि गावाला कळलं की भूगोल सगळ्यांनाच येतो. सर्वांत जास्त येत होता तो सरांच्या शेजारच्या संघपाल यांना. हे निवृत्त तलाठी. रोज सकाळी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन नकाशाच्या वायव्येला बसत आणि हद्दी सांगत. उत्तरेचा डोंगर सरांनी भांडी घासायच्या हिरव्या घासण्या चिकटवून जंगलाने झाकला, तर वनखात्याचा माणूस येऊन म्हणाला जंगल कमी दाखवलं. घासण्या वाढवल्या, तर महसूलचा माणूस म्हणाला आमची जमीन जंगलात घातली. दोघांच्या भांडणात तालुक्यातल्या सगळ्या किराणा दुकानांतल्या घासण्या संपल्या आणि बायकांना महिनाभर भांडी नारळाच्या शेंडीने घासावी लागली.

मग वाघ. वाघाशिवाय चंद्रपूरकडचा नकाशा म्हणजे काय, असं म्हणत संघपाल यांनी जत्रेतला रबरी वाघ आणून डोंगराच्या पायथ्याशी ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या गावचा सरपंच कामाचं निमित्त काढून आला आणि वाघ हळूच उचलून शेजारच्या गावात ठेवून गेला. त्या गावाने तो नदीपलीकडे टाकला. आठवडाभर वाघ तालुकाभर फिरला. शेवटी तो नकाशाच्या बाहेर, सायकल स्टँडपाशी, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात सापडला. खऱ्या वाघांचा बंदोबस्त वनखात्याला इतक्या झटपट कधी जमलेला नाही.

लोकसंख्येची कल्पनाही संघपाल यांचीच. "धानाचा तालुका आहे, तं धानानंच लोकं दाखवा जी. मोठ्या गावाले मूठभर दाणे, बारक्या टोल्याले चिमूटभर. पथक खूश होऊन जाईल."

सरांनी दोन दिवस पाठ मोडून एकेका गावावर धान चिकटवलं. तिसऱ्या दिवशी शिपायाच्या कोंबड्या आल्या आणि पूर्वेकडच्या ग्रामपंचायती साफ करून गेल्या. त्याच दुपारी साहेबांचा दौरा अंगणात आला.

"इकडची माणसं कुठे गेली?"

"कोंबड्यांनी खाल्ली," सर म्हणाले.

साहेबांनी लगेच मार्ग काढला. "पथकाला स्थलांतर म्हणून सांगू. मिरची तोडायला तेलंगणात गेली म्हणायचं. त्या दिवसांत खरोखरच कुणी नसतं तिकडे."

अर्थव्यवस्थेची गत याहून वाईट झाली. तिच्यासाठी सरांनी खरा माल मांडला होता. मोहफुलांचे ढीग, तेंदूपत्त्याची पुडकी, लाखोळीची डाळ, सुकी मासोळी. बकऱ्यांनी कुंपणातून घुसून तेंदूपत्ता खाल्ला, मांजरांनी मत्स्यव्यवसाय उचलला आणि मोहफुलं कुणी नेली हे पंचायत समितीतल्या सगळ्यांना वासावरून माहीत होतं, पण तो कर्मचारी संघटनेचा पदाधिकारी असल्याने कुणी बोललं नाही. सरांनी पुन्हा सगळं गोळा केलं. संतापाने ते काम टाकून निघायचे, पण नजर फरशीकडे गेली की परत वळायचे.

फरशीचंही भलं चाललं नव्हतं. सर्वांत आधी साहेबांनी सुचवलं की वर 'प्रेरणा' म्हणून त्यांचं नाव असावं, शिस्तीचा भाग म्हणून. सरांनी ते स्वतःच्या हाताने रंगवलं. मग संघपाल 'मार्गदर्शक' झाले. बांधकामवाल्या उपअभियंत्याने सिमेंटची एक पोतडी दिली होती, ती उघडली तेव्हा दगड झालेली निघाली, तरीही 'तांत्रिक साहाय्य' त्यांचंच. फरशीवर गर्दी इतकी झाली की मधलं नाव दोनदा पुसून बारीक करावं लागलं आणि शेवटी ते उजव्या कोपऱ्यात, तळाशी गेलं. म्हणजे सर पुन्हा होते तिथेच आले, फक्त इथे थुंकायला अजून कुणी आलं नव्हतं.

"कोपरा बदलला," जाहिदाबाई म्हणाल्या. "माणूस तोच आहे."

यावर कळस चढवला ताराबाईंनी. ताराबाई पंचायत समितीच्या सभापती. बायका सभापती झाल्या की नवरे कारभार करतात, अशी आमच्याकडे रीत आहे. ताराबाईंनी ती मोडून नवऱ्याचाही कारभार स्वतःकडे घेतला होता. त्यांचं गाव पानहेटी. पानहेटीला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव आहे, अशा तलावांना आमच्याकडे मामा तलाव म्हणतात. नकाशात तो सरांनी मापाने, निळ्या रंगात, बशीएवढा केला होता.

ताराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सर, हा माह्या गावचा तलाव होय का कोंबड्याले पाणी ठेवाचा टवका होय?"

"बाई, प्रमाणात केला आहे."

"मंग प्रमाण वाढवा ना. सभापतीच्या गावचा तलाव इतका? काऊन, मी का बशीतून निवडून आली? अन् निळा रंग नोको. खरं पाणी पायजे."

सरांनी समजावून पाहिलं. तलाव वाढवला तर खालचा चिचटोला त्यात जातो. चिचटोला म्हणजे ढिवरांची वस्ती, मासे मारणारी, थोडं धान पिकवणारी चाळीसेक घरं. कलाकार म्हणून सरांना हे पटत नव्हतं. तेव्हा साहेब म्हणाले की एवढंसं गाव, पथक बघणार आहे का? संघपाल म्हणाले की गाव तसंच राहू द्या, वरून पाणी टाका, म्हणजे गावही आहे अन् तलावही आहे. आणि ताराबाई म्हणाल्या, "तलाव मोठा नाई झाला तं त्या फरशीवर माहं नाव मी आडवं नाई, उभं टाकाले लावीन. तुमचा कोपरा जाईल."

खुर्शीद सरांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टींसाठी मान तुकवली होती, पण एका कोपऱ्यासाठी एक गाव बुडवण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी सिमेंटची पाळ खाली सरकवली, तलाव चांगला घमेल्याहून मोठा केला आणि त्यात पाणी सोडलं. तळाशी 'चिचटोला' ही पांढरी अक्षरं स्वच्छ दिसत राहिली. ताराबाईंचं नाव फरशीवर आडवं, ठळक आलं.

पथक मात्र येईना. होळी गेली, मोहफुलं वेचून झाली, ऊन इतकं तापलं की ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतला धूरही सावली शोधत असेल. साहेबांचा हुकूम होता की तलाव भरलेला दिसला पाहिजे, म्हणून गावाला तिसऱ्या दिवशी येणारं पाणी नकाशाला रोज मिळत होतं. एकदा एक म्हैस येऊन पानहेटीच्या तलावात बसली. तिचं डोकं वनविभागात होतं आणि शेपूट नदी ओलांडून गेली होती. तिला उठवायला दुपार गेली.

याच दिवसांत चिचटोल्याच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष इस्तारीभाऊ तलावाच्या ठेक्याचा कागद घ्यायला पंचायत समितीत आले. कागद देणारा जेवायला गेला होता, म्हणून वेळ काढत नकाशापाशी थांबले. पाण्याच्या तळाशी त्यांनी आपल्या गावाचं नाव वाचलं. कागदही न घेता ते तसेच बसमध्ये बसून परत गेले.

आता इतर कुठलं गाव असतं तर म्हणालं असतं, मास्तरने चूक केली. पण आमच्या या भागात लोकांना वेगळा अनुभव आहे. धरण असो, खाण असो, अभयारण्य असो, आधी सरकारी अंगणात नकाशा दिसतो, मग पाच-दहा वर्षांनी गावाला विचारतात. नकाशात गाव पाण्याखाली गेलं म्हणजे ठरलं. चिचटोला दोन दिवस रडला. बायकांनी मोहाच्या झाडाला मिठ्या मारल्या, म्हाताऱ्यांनी इथेच मरू म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी जावई धरणग्रस्त गावचा निघाला आणि त्याने सांगितलं की रडत काय बसता, मोबदला झाडावर मिळतो, घरावर मिळतो.

तेव्हापासून चिचटोल्यात भर मे महिन्यात सागाची आणि आंब्याची रोपं लागली. धान सोडून आयुष्यात काही न पेरलेल्या माणसांनी शेताच्या बांधीबांधीत फळबाग उभी केली. प्रत्येक घरामागे टिनाचं शेड आलं, शेडमागे संडास आला. संडास बांधा म्हणून सरकारने वर्षानुवर्षं भिंती रंगवल्या (त्याही सरांनीच), तेव्हा एक वीट हलली नव्हती. लोकांनी यासाठी बकऱ्या विकल्या, सोनं गहाण टाकलं. सगळा चिचटोला बुडायच्या तयारीला लागला आणि इतका नीटनेटका दिसू लागला की बुडवायला वाईट वाटावं.

ही बातमी सगळ्या कार्यालयात पोचली, फक्त खुर्शीद सरांपर्यंत पोचली नाही. ते पूर्वेकडची लोकसंख्या तिसऱ्यांदा चिकटवत होते. त्यात साहेबांकडे पथक सोमवारी येतंय असा निरोप आला, आणि त्याच सोमवारी चिचटोला मोर्चा आणणार असाही.

शनिवारी सकाळी साहेब स्वतः अंगणात आले. आवाज मऊ होता. "सर, रात्रभर विचार केला. कला तुमची. आम्ही त्यात नावं घुसवणं बरं दिसत नाही. माझं पुसून टाका."

सरांना गहिवरून आलं. त्यांनी साहेबांचं नाव काळ्या रंगाने झाकलं. तासाभराने उपअभियंता आले. म्हणाले, एका पोतडीचं काय मोठं, पुसा. दुपारी ताराबाई आल्या. "सर, मी का नावासाठी काम करतो? पुसा माहं. चांगलं दोन हात मारा." संघपाल तर खुर्चीसकट उठले. 'मार्गदर्शक' पुसलं जाईपर्यंत उभे राहिले आणि खुर्ची काखेत मारून घरी गेले. ती खुर्ची नंतर नकाशापाशी कधी दिसली नाही.

रिकामी काळी फरशी आणि कोपऱ्यात एवढंसं नाव. "मधे घ्या की," साहेब खिडकीतून म्हणाले. "मोठं करा. स्टँडवरून वाचता येईल असं ठरलं होतं ना आपलं?"

सरांनी ती सबंध संध्याकाळ फरशीपुढे मांडी घालून घालवली. इतकं सुंदर अक्षर त्यांनी आयुष्यात काढलं नव्हतं. 'खुर्शीद' वितीएवढं, 'शेख' त्याच्या जोडीला, खाली 'संकल्पना, आराखडा व निर्मिती'. आराखडा हा शब्द साहेबांनीच सुचवला होता.

घरी येऊन त्यांनी जाहिदाबाईंना सांगितलं की जगात अजून चांगुलपणा शिल्लक आहे. जाहिदाबाई पोळी लाटत होत्या. "सगळे एकदम शरीफ झाले?" त्या म्हणाल्या. "एकाच दिवशी? मले तं भीती वाटून राह्यली."

"तुला कुणाचं चांगलं बघवत नाही," सर म्हणाले आणि न जेवता, निव्वळ आनंदावर झोपले.

सोमवारी पथक आलं. दोन साहेब आणि एक मॅडम. तिघांनीही टोप्या घातल्या होत्या. बीडीओ साहेबांनी भूगोल सांगितला, मिरचीला गेलेल्या लोकसंख्येबद्दल खेद व्यक्त केला. मॅडम तलावापाशी थांबून हिंदीत म्हणाल्या, "अच्छा प्रोजेक्ट है. ये पानी के नीचे जो गाँव है, उसका पुनर्वास कहाँ कर रहे हैं?"

साहेब तोंड उघडतात तोच फाटकातून मोर्चा आत शिरला. पुढे इस्तारीभाऊ, मागे अख्खा चिचटोला, कित्येकांच्या हातात वाळलेली सागाची रोपं. साहेबांनी हात वर करून शांतपणे जाहीर केलं की गावकऱ्यांचा गैरसमज झालेला आहे, कुठलंही धरण होणार नाही, चिचटोला अजिबात बुडणार नाही.

मग जो आरडाओरडा झाला तो पथकातल्या लोकांनी दिल्लीतही ऐकला नसेल.

"नाई बुडणार म्हणजे?" इस्तारीभाऊ ओरडले. "आमी शेड बांधले, झाडं लावले, बायकोचं डोरलं ठेवलं गहाण! तुमीच नकाशात बुडवलं अन् आता नाई म्हणता? आमाले का येडं समजता का जी? बुडवाच लागते!"

"बुडवा, बुडवा, चिचटोला बुडवा!" मागून घोषणा उठली. आपलं गाव बुडवा म्हणून सरकारच्या दारात आलेला हा बहुधा पहिलाच मोर्चा असावा. ताराबाई म्हणाल्या, मले काई माहीत नाई. उपअभियंता रजेवर होते. साहेबांनी मात्र अत्यंत नम्रपणे पथकाला आणि मोर्चाला एकाच वेळी फरशीकडे वळवलं.

"हा एका खासगी व्यक्तीचा वैयक्तिक उपक्रम आहे. कार्यालयाचा संबंध फक्त अंगणापुरता. आराखडा कोणाचा, ते इथे लिहिलेलंच आहे."

सगळ्यांनी वाचलं. जमावातल्या ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवलं. मग सगळी तोंडं खुर्शीद सरांकडे वळली. सर नवा सदरा घालून, सत्कार होईल या बेताने, बरोबर फरशीच्या बाजूला उभे होते.

"बाई, साहेब, संघपालभाऊ, सगळ्यांची नावं होती इथे," सर म्हणाले. "परवा पुसली. मीच पुसली!"

"काऊन पुसली?" इस्तारीभाऊंनी विचारलं. खरं उत्तर सरांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं.

"हे पाहा सर, आमी काई मारपीट करणारे लोक नोहो," इस्तारीभाऊ म्हणाले. "पण ज्याचं नाव त्याच्याच दारात येऊ. तुमी गाव बुडवून द्या, नाई तं आमचं डोरलं सोडवून द्या. रोजच्या बसनं येऊ."

पथकाने जेवण रद्द केलं, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं. पोलीस आले, पंचनामा झाला. नकाशा, तलाव, त्यातलं पाणी आणि फरशी हे सगळं 'जैसे थे' ठेवण्याचा आदेश निघाला.

मंगळवारी सकाळी सर टर्पेंटाइनची बाटली आणि जुना गंजीफ्रॉक घेऊन अंगणात पोचले. फरशीपाशी हवालदार खुर्ची टाकून बसला होता.

"सर, हात नोका लावू जी," तो म्हणाला. "पुरावा आहे."

"अहो, माझंच नाव आहे!"

"म्हणून तं."

सरांनी विनवलं, निदान एक काना तरी पुसू द्या म्हणाले, निदान वरून पोतं तरी टाकू द्या. हवालदाराने नकारार्थी मान हलवली. साहेबांच्या खिडकीला पडदा लागला होता. कोंबड्या निवांतपणे पूर्वेकडची माणसं टिपत होत्या. सरांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की इथे येऊन कुणीतरी खर्रा थुंकावा, चांगला तोंडभर.

तेवढ्यात फाटकातून जाहिदाबाई आल्या. सर जेवले नव्हते म्हणून डबा घेऊन आल्या होत्या. इतक्या महिन्यांत त्यांनी नकाशा पाहिला नव्हता. आताही त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. फरशीपुढे उभ्या राहून त्यांनी नवऱ्याचं नाव सावकाश वाचलं. मग रस्ता ओलांडून स्टँडपर्यंत गेल्या, तिथून वळून पाहिलं आणि परत आल्या.

"कसं दिसतं?" सरांनी विचारलं. एवढं सगळं होऊनही त्यांना विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"एकदम साफ," जाहिदाबाई म्हणाल्या आणि डबा त्यांच्या हातात देत भराभर म्हणाल्या, "आता खा अन् मागच्या दारानं चला. चिचटोल्याची बस लागली. लोकं उतरून राह्यले, अन् सगळे इकडेच वाचून राह्यले."